जहाजावरच्या भट्टीत जळणारा घातक कचरा: नौवहन महासंचालकांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
माननीय नौवहन महासंचालक,
मुंबई.

विषय: जहाजांवरील इन्सिनरेटरमध्ये घातक कचरा जाळण्यासंबंधीच्या नियमांची अंमलबजावणी आणि त्यांत करावयाच्या सुधारणा.

महोदय,

जहाजावरच्या इन्सिनरेटरमध्ये काय जाळायचे नाही याची यादी मला आजही तोंडपाठ आहे, कारण माझ्या नोकरीच्या शेवटच्या तेरा वर्षांत ती यादी भट्टीशेजारच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावलेली असे आणि तिच्याखाली उभे राहून मी रोज काम करत असे. मी १९९६ ते २०१८ या काळात व्यापारी जहाजांच्या इंजिन रूममध्ये होतो. ज्युनिअर इंजिनिअर म्हणून चढलो आणि सेकंड इंजिनिअर म्हणून उतरलो. आता नाशिकला राहतो आणि दिंडोरी तालुक्यातली घरची द्राक्षबाग धाकट्या भावाच्या बरोबरीने पाहतो. समुद्र सोडून इतकी वर्षे झाल्यावर हे पत्र लिहिण्याचे कारण असे की, १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी नवा कायदा २०२५ साली संसदेने मंजूर केला आहे, आणि कायदा बदलला की त्याच्या पोटातले नियमही नव्याने लिहावे लागतात. जुने नियम नव्या कागदावर जसेच्या तसे उतरवले गेले, तर जी फट मी बावीस वर्षे पाहिली ती पुढची पन्नास वर्षे तशीच राहील, अशी मला काळजी वाटते.

पत्र खुले असल्यामुळे, आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगणे भाग आहे. जहाजांपासून होणारे प्रदूषण रोखण्यासाठीचा मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार सहा परिशिष्टांचा आहे. त्यातले सहावे परिशिष्ट हवेच्या प्रदूषणाबद्दलचे असून ते १९ मे २००५ पासून अमलात आले. त्यातला नियम १६ जहाजावरच्या भट्टीला लागू होतो. तेल, घातक द्रव रसायने किंवा वेष्टनातून जाणारे घातक पदार्थ असा माल वाहिल्यावर मागे राहिलेले अवशेष आणि त्या मालाने माखलेली वेष्टने जहाजावर जाळायची नाहीत, असे हा नियम सांगतो. पीसीबी, म्हणजे जुन्या विद्युत उपकरणांत असणारी क्लोरीनयुक्त विषारी रसायने, जाळायची नाहीत. जड धातूंचा अंश नाममात्र प्रमाणापेक्षा जास्त असलेला कचरा, हॅलोजन संयुगे मिसळलेली शुद्धीकृत पेट्रोलियम उत्पादने, दुसरीकडून आणलेले स्लज (तेलाचा किंवा मैल्याचा गाळ) आणि धूर धुणाऱ्या स्क्रबरमधून निघालेला गाळ यांनाही मनाई आहे. पीव्हीसी हे क्लोरीनयुक्त प्लास्टिक फक्त टाइप अप्रूव्हल (त्या नमुन्याच्या यंत्राला मिळालेली मान्यता) प्रमाणपत्र असलेल्या इन्सिनरेटरमध्येच जाळता येते. सतत कचरा घेणाऱ्या भट्टीत, बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या खाली असताना कचरा टाकता येत नाही, आणि एकदाच भरून पेटवायच्या भट्टीने सुरू झाल्यापासून पाच मिनिटांत ६०० अंश गाठून पुढे ८५० च्या वर स्थिर राहिले पाहिजे. भट्टी चालवणाऱ्या माणसाला तिचे प्रशिक्षण दिलेले असले पाहिजे. नियम वाचायला चांगला आहे, आणि तो लिहिणाऱ्यांना भट्टीचे काम कळत होते हेही त्यातून दिसते.

आता मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. जहाजाचे आणि कंपनीचे नाव इथे देत नाही, कारण हा प्रकार एका कंपनीपुरता नव्हता आणि त्या पहाऱ्यावर जबाबदार अधिकारी मीच होतो.

साल २००९. आम्ही एका बल्क कॅरिअरवर होतो आणि मलाक्काची सामुद्रधुनी मागे टाकून पश्चिमेला निघालो होतो. त्या फेरीत इलेक्ट्रिशियनने होल्डमधल्या दिव्यांच्या जुन्या केबल काढून नव्या टाकल्या होत्या आणि जुन्या केबलचे हातभर लांबीचे तुकडे दोन गोण्यांत भरून ठेवले होते. त्याच गोण्यांत डेकवरच्या लोकांनी रंगाचे ब्रश, थिनरमध्ये भिजलेल्या चिंध्या आणि रंगाच्या डब्यांतून खरवडलेले पापुद्रे टाकले. पुढच्या बंदरात तपासणी होती आणि तिच्याआधी स्टोअर मोकळे करा, असा वरून निरोप आला. फिटरने सकाळी भट्टी पेटवली, पण डिझेल वाचवण्यासाठी बर्नर पूर्ण वेळ चालू ठेवायचा नाही ही त्या जहाजावरची रीतच होती. मी खाली आलो तेव्हा दुसरी गोणी आत गेलेली होती आणि पॅनेलवरचा आकडा ६४० दाखवत होता. मी निरीक्षणाच्या काचेला डोळा लावला. आतली ज्योत हिरवी होती, कडेला पोपटी आणि मध्ये निळसर. तांब्याच्या तारेवर क्लोरीनयुक्त प्लास्टिक जळताना ज्योतीला जो रंग येतो तो रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आम्हाला मुद्दाम दाखवला होता, त्यामुळे आत काय चालले आहे हे समजायला मला क्षणही लागला नाही. ८५० च्या खाली, तांब्याच्या सान्निध्यात, पीव्हीसी जळत होते. डायऑक्सिन हे अत्यंत विषारी संयुग तयार करण्याची याहून सोपी कृती नाही.

मी काच बंद केली आणि बर्नर पूर्ण चालू करायला सांगितला. गोणी परत बाहेर काढणे शक्य नव्हते. संध्याकाळी कचऱ्याच्या नोंदवहीत जी ओळ लिहिली गेली ती 'तेलकट चिंध्या आणि घरगुती कचरा' अशी होती, आणि तिच्याखाली सही माझी होती. दुसऱ्या दिवशी राख काढताना सळीने ढेकळे फोडली तेव्हा आतून तांब्याचे काळपट लाल झुपके निघाले. ती राख ड्रममध्ये भरली आणि रात्री समुद्रात गेली. १ जानेवारी २०१३ पासून भट्टीची राख समुद्रात टाकण्यास पूर्ण बंदी आहे. त्याआधी काही राखेला किनाऱ्यापासून दूर सूट होती, पण विषारी अंश असू शकणाऱ्या प्लास्टिकच्या राखेला तेव्हाही नव्हती. तपासणीत आमचे स्टोअर स्वच्छ निघाले, नोंदवही नीटनेटकी निघाली आणि इन्सिनरेटरचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये जागच्या जागी होते. सर्व्हेअरने दोष काढावा असे त्या दिवशी कागदावर काहीच नव्हते.

तीच हिरवी ज्योत मी दोन वर्षांपूर्वी नाशिकमध्ये पाहिली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीमागच्या मोकळ्या जागेत भंगारातली वायर तांब्यासाठी जाळत होते. आजूबाजूच्या लोकांनी आरडाओरडा केला, कोणी फोन केला, आग विझवली गेली. तिथे जे चालले होते ते बेकायदा आहे हे तिथल्या पानटपरीवाल्यालाही माहीत होते. समुद्रावर ओरडणारे कोणी नसते.

जमिनीवर काय अपेक्षा ठेवली जाते ते पाहावे. सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्यात वापरलेल्या थिनरचे एक पिंप साचले, तर २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे ते साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आवारात पेटवून देता येत नाही, आणि सामायिक प्रक्रिया केंद्राकडे पाठवताना सात रंगांच्या सात प्रतींचे मॅनिफेस्ट भरावे लागते, जेणेकरून ते पिंप कुठून निघाले, कोणी नेले आणि कुठे पोचले याचा मागोवा राहावा. रुग्णालयांचा कचरा जाळणाऱ्या भट्टीला त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी दुसऱ्या कक्षात १०५० अंश तापमान, त्या तापमानात वायूला किमान दोन सेकंदांचा मुक्काम, ३० मीटर उंचीचे धुराडे आणि डायऑक्सिन व फ्युरानसाठी घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम विषारी समतुल्य अशी मर्यादा घातली आहे. क्लोरीनयुक्त प्लास्टिक त्या भट्टीत टाकायलाच बंदी आहे.

जहाजावरच्या भट्टीला यातले काय लागू होते? नियम १६ च्या पुरवणीत ज्वलनकक्षातला प्राणवायू ६ ते १२ टक्के असावा, कार्बन मोनॉक्साइड ठरावीक प्रमाणाच्या आत असावा, राखेत न जळलेला भाग वजनाने १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा आणि वायूचे तापमान ८५० ते १२०० अंशांच्या दरम्यान असावे, असे म्हटले आहे. काजळीसाठी बॅकराक किंवा रिंगलमन या पट्ट्यांचा आधार घेतला जातो. रिंगलमनची पट्टी म्हणजे करड्या रंगाच्या छटा छापलेला तक्ता. धूर त्या छटेशी डोळ्यांनी ताडून पाहायचा. डायऑक्सिनला रंग नाही, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेलाही या तक्त्यावर जागा नाही. डायऑक्सिनची मर्यादा या पुरवणीत नाही. गरम वायू बाहेर पडताच तो अडीच मीटरच्या आत ३५० अंशांपर्यंत झटक्यात थंड करावा, म्हणजे डायऑक्सिन पुन्हा जुळून येणार नाही, अशी तरतूद इन्सिनरेटरच्या मानक तपशिलात आहे आणि ती शास्त्राला धरून आहे. पण ही सगळी चाचणी कारखान्यात, नव्या कोऱ्या भट्टीवर, ठरवून दिलेला कचरा जाळून होते. दहा वर्षे खारट हवेत चाललेल्या, विटांना तडे गेलेल्या, वर्षभर अडीअडचणीत वापरलेल्या भट्टीच्या धुराड्याला त्यानंतर कोणी उपकरण लावलेले मी माझ्या नोकरीत एकदाही पाहिले नाही.

त्यात भर म्हणजे, २०१६ चे घातक कचरा नियम स्वतःच सांगतात की किनाऱ्याच्या आधाररेषेपासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जहाजाच्या चालण्यातून निर्माण झालेल्या कचऱ्याला ते लागू नाहीत, तो विषय मर्चंट शिपिंग कायद्याचा आहे. म्हणजे पाच किलोमीटरपलीकडची पूर्ण जबाबदारी आपल्या कार्यालयाची आहे. आणि अलीकडची? कागदोपत्री तिथे पर्यावरण खात्याचे नियम पोचतात. प्रत्यक्षात प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी गँगवेने जहाजावर चढून इन्सिनरेटर पाहतो आहे, असे मला कोणत्याही भारतीय बंदरात दिसले नाही, आणि सागरी सर्व्हेअर पर्यावरण खात्याच्या नियमावलीने जहाज तपासत नाही. दोन कार्यालयांच्या मधल्या या पट्ट्यात न्हावा शेवा येते, मुंबई बंदर येते आणि बंदराला लागून राहणारी वस्तीही येते.

याच ठिकाणी नियम १६ मधली एक बाब आपल्या निदर्शनास आणतो, कारण अनेक अनुभवी इंजिनिअरही ती चुकीची वाचतात. जहाजाचे स्लज मुख्य इंजिनाच्या किंवा बॉयलरच्या आगीत जाळण्याची मुभा आहे, पण बंदर, गोदी आणि खाडीमुख यांच्या आत तसे करण्यास मनाई आहे. ही मनाई वाचून वाटते की बंदरात काहीच जाळता येत नाही. तसे नाही. ती बॉयलरपुरती आणि इंजिनापुरती आहे, इन्सिनरेटरबद्दल त्या वाक्यात शब्द नाही. ज्या देशांना इन्सिनरेटर बंदरात नको होता त्यांनी ते स्वतः लिहून घेतले. बाल्टिक समुद्राभोवतालच्या राष्ट्रांनी १९९२ च्या हेलसिंकी करारात, ध्वज कोणताही असो, आपल्या प्रादेशिक समुद्रात जहाजाचा कचरा जहाजावर जाळण्यास बंदी घातली. भारताचा प्रादेशिक समुद्र बारा सागरी मैलांचा आहे. तेवढ्या पट्ट्यात आपणही हीच बंदी शब्दांत लिहावी, ही माझी पहिली विनंती.

जहाजावर कचरा जाळूच नये, अशी माझी मागणी नाही. बंदर सोडून तीन-तीन आठवडे समुद्रावर राहणाऱ्या जहाजाला स्वतःचे स्लज आणि तेलकट चिंध्या नीट तापलेल्या भट्टीत जाळता आल्या पाहिजेत. त्या साठवून ठेवल्या तर आगीचा धोका असतो आणि रात्री कोणाच्या तरी हातून समुद्रात जाण्याचा त्याहून मोठा. पण स्वतःच्या चालण्यातला कचरा आणि घातक कचरा यांच्यामधली रेष जगाने फार किंमत देऊन आखली आहे, ती पुसट होऊ देऊ नये.

ती किंमत कोणती हे आज इंजिन रूममध्ये शिरणाऱ्या मुलांना कोणी सांगत नाही. १९६९ पासून युरोपात रासायनिक कारखान्यांचा क्लोरीनयुक्त कचरा खास जहाजांत भरून उत्तर समुद्रात नेऊन जाळला जाई. ही जहाजे म्हणजे तरंगत्या भट्ट्याच होत्या. त्यांतले वल्कॅनस हे डच जहाज सर्वांत गाजलेले. १९७७ साली अमेरिकेच्या हवाई दलाने व्हिएतनाम युद्धातून उरलेले एजंट ऑरेंज हे झाडांची पाने गाळणारे तणनाशक, सुमारे दहा हजार टन, याच जहाजातून प्रशांत महासागरात जॉन्स्टन बेटाजवळ जाळले. या जहाजांच्या धुराड्यांना धूर धुणारी यंत्रणा नव्हती, कारण निघालेले आम्ल समुद्राचे पाणी पचवून टाकील असे गृहीत धरले होते. समुद्रात कचरा टाकण्याबद्दलच्या लंडन करारानुसार या जहाजांच्या भट्टीत ज्योतीचे तापमान किमान १२५० अंश ठेवणे बंधनकारक होते. तरीही किनाऱ्यावरच्या लोकांचा आणि मच्छीमारांचा विरोध वाढत गेला, अमेरिकेने १९८६ मध्ये अटलांटिकमधल्या चाचणी-ज्वलनाला परवाना नाकारला, उत्तर समुद्रात ही प्रथा १९९१ मध्ये थांबली, लंडन करारात १९९३ साली केलेल्या दुरुस्तीने औद्योगिक कचरा समुद्रावर जाळण्यास बंदी आली आणि १९९६ च्या लंडन प्रोटोकॉलने ती सर्वच कचऱ्यासाठी केली. जहाजाच्या नेहमीच्या चालण्यातून निघणारा कचरा तेवढा त्यातून वगळला. प्रशिक्षित रसायनतज्ज्ञांच्या देखरेखीखाली १२५० अंशांवर चालणाऱ्या भट्ट्या जगाला नको झाल्या. मग ६४० अंशांवर फिटरच्या अंदाजाने चालणाऱ्या भट्टीत रंगाचे पापुद्रे आणि केबल जाताना आपण नोंदवहीतल्या एका ओळीवर विश्वास कसा ठेवायचा?

माझी दुसरी विनंती या ओळीबद्दलच आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडेल. नियम म्हणतो की भट्टी चालू असताना वायूच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावे. लक्ष ठेवणे म्हणजे पॅनेलकडे पाहणे, एवढाच अर्थ जहाजावर घेतला जातो. ऑइल रेकॉर्ड बुकात स्लज जाळल्याचा एकूण वेळ लिहितात, कचऱ्याच्या नोंदवहीत प्रकार आणि अंदाजे घनफळ लिहितात, पण तेव्हा भट्टी किती तापलेली होती हे दोन्हींत कुठेही येत नाही. तापमानाचे थर्मोकपल प्रत्येक भट्टीत आधीच बसवलेले आहे. त्याचे वाचन दर मिनिटाला साठवणारा, मागाहून खोडता न येणारा एक रेकॉर्डर जोडायला लागणारा खर्च जहाजाच्या एका दिवसाच्या इंधनापुढे किरकोळ आहे. भारतीय ध्वजाच्या जहाजांवर असा रेकॉर्डर आणि त्याच्या नोंदी किमान दोन वर्षे जपणे बंधनकारक करावे, आणि वार्षिक तपासणीत सर्व्हेअरने नोंदवहीतली तारीख-वेळ आणि रेकॉर्डरचा आलेख शेजारी ठेवून पाहावा. २००९ मधल्या त्या संध्याकाळी असा आलेख असता, तर माझ्या सहीची ओळ तिथेच खोटी ठरली असती, आणि मुळात ती गोणी आत गेली नसती, कारण आलेख दिसणार हे फिटरलाही माहीत असते आणि मलाही.

पीव्हीसीबद्दल याहून स्पष्ट पाऊल उचलता येईल. आपल्याच कार्यालयाने २०१९ मध्ये भारतीय जहाजांवर एकल वापराच्या प्लास्टिकला मनाई करणारा आदेश काढला होता. तेव्हाही हे अव्यवहार्य आहे असे म्हणणारे होते, आणि काही महिन्यांत जहाजांवर पाण्याच्या बाटल्यांऐवजी फिल्टर बसले. त्याच धर्तीवर भारतीय जहाजांवर पीव्हीसी, केबलचे आवरण, रंगाचे अवशेष आणि थिनरच्या चिंध्या भट्टीत टाकण्यास पूर्ण मनाई करावी आणि त्यांच्यासाठी वेगळे, झाकणाचे, लेबल लावलेले पिंप ठेवायला सांगावे. जमिनीवरच्या भट्टीत क्लोरीनयुक्त प्लास्टिकला बंदी असताना समुद्रावर प्रमाणपत्राच्या आधारे मुभा देण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

हे पिंप पुढे जाणार कुठे, हा प्रश्न चीफ इंजिनिअर पहिल्यांदा विचारील आणि तो रास्त आहे. कचरा बंदरात उतरवणे अवघड आणि महाग असेल तर तो भट्टीतच जाणार. कंटेनर जहाज धक्क्याला लागून काही तासांतच सुटते. तेवढ्यात एजंटला सांगा, तो ठेकेदाराला सांगणार, ठेकेदार बार्ज किंवा टँकर आणणार, घनमीटरप्रमाणे दर लावणार, दराची कागदपत्रे कंपनीकडे जाणार आणि कंपनी विचारणार की, गेल्या बंदरात हा खर्च नव्हता, या वेळी का आहे. एका भारतीय बंदरात आम्ही चार पिंपे रंगाचा कचरा उतरवायला मागितला होता. ठेकेदाराने फक्त स्लज घेतो असे सांगून पिंपे तशीच ठेवली आणि पावती मात्र सर्व प्रकारच्या कचऱ्याची दिली. ती पिंपे पुढच्या फेरीत कमी झाली. कशी, ते मी विचारले नाही, आणि विचारायला हवे होते. आपल्या कार्यालयाचे स्वच्छ सागर पोर्टल आल्यापासून मागणी नोंदवण्याची सोय झाली आहे, त्याबद्दल आपले आभार मानले पाहिजेत. पण मागणी नोंदवल्यावर कचरा खरोखर उचलला गेला का आणि तो पुढे कोणत्या प्रक्रिया केंद्रात पोचला, हे अंबडच्या थिनरच्या पिंपाप्रमाणे शेवटपर्यंत दिसले पाहिजे. आणि दर वेगळा लावू नये. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार तिथल्या बंदरांत जहाजाने कचरा उतरवला नाही तरी बंदर-शुल्कात त्याचा वाटा भरावाच लागतो, आणि घनकचरा उतरवला म्हणून साधारणपणे वेगळे पैसे पडत नाहीत. पैसे भरलेलेच आहेत म्हटल्यावर जाळायचे कशाला, असा हिशेब इंजिन रूममध्ये आपोआप होतो. आपल्या मोठ्या बंदरांत ही पद्धत आणण्यासाठी आपण बंदर प्राधिकरणांशी बोलावे, ही तिसरी विनंती. माझ्या अनुभवात कोणत्याही शिक्षेपेक्षा तिचा उपयोग जास्त होईल.

नाशिकच्या माणसाने हे का मागावे, असे कोणाला वाटेल. दर वर्षी जानेवारी ते एप्रिल या काळात दिंडोरी, निफाड, पिंपळगाव भागातली द्राक्षे थंड कंटेनरमधून न्हावा शेवाला जातात आणि तिथून जहाजाने युरोपला. २०१० साली सीसीसी या वाढनियंत्रकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला म्हणून आमच्या भागातले कंटेनर अडकले. ती मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. औषध वापरायला परवानगी होती, कोणी चोरी केली नव्हती, तरीही शेतकऱ्यांनी नुकसान सोसले, आणि प्रत्येक बागेची नोंदणी, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल हे सगळे अंगवळणी पाडून घेतले. आमच्या बागेचा प्लॉट क्रमांक टाकला की कोणत्या तारखेला काय फवारले हे आज समोर येते. एक एकरवाल्या शेतकऱ्याकडून इतकी नोंद मागता येते आणि मिळते. त्याची द्राक्षे वाहून नेणाऱ्या जहाजाच्या भट्टीत काल काय जळले आणि ती किती तापलेली होती, एवढी नोंद मागणे जास्त आहे असे मला वाटत नाही.

शेवटची विनंती मला वैयक्तिक कारणाने महत्त्वाची वाटते. माझा पुतण्या गेल्या वर्षी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून जहाजावर चढला. आमच्या जिल्ह्यातली पुष्कळ मुले आता या नोकरीत जातात. घरचे कर्ज काढून कोर्स करतात आणि पहिले जहाज मिळायला वर्ष-वर्ष वाट पाहतात. महिन्यापूर्वी त्याने रात्री फोन केला. ज्याच्यावर लेबल नाही असा एक ड्रम भट्टीच्या टाकीत ओत, असे त्याला सांगितले होते. त्याने आत काय आहे ते विचारले. उत्तर मिळाले की, विचारायचे नाही, ओतायचे. काका, मी काय करू, असे तो विचारत होता. मी त्याला चीफ साहेबांकडून लेखी मागून घे म्हणून सांगितले. ड्रम तसाच बाजूला राहिला, पण त्यानंतर त्याच्या वाट्याला रोज बिल्जची, म्हणजे जहाजाच्या तळाशी तेलकट पाणी साचते त्या जागेची, सफाई आली आणि करार संपल्यावर पुन्हा बोलावतील की नाही याची त्याला खात्री नाही. लेबल नसलेला पदार्थ भट्टीत टाकण्यास नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याला कंपनीने कामावरून काढणे, वाईट शेरा देणे किंवा पुढचे जहाज नाकारणे हा दोष मानला जावा, आणि अशी तक्रार जहाजाच्या वाय-फायवरून, कंपनीच्या हातातून न जाता, थेट आपल्या कार्यालयात पोचावी, अशी सोय करावी. वय वर्षे बावीसच्या मुलाने नियम १६ वाचून नकार दिला, तर त्याच्या पाठीशी भारत सरकारचे एक कार्यालय उभे आहे हे त्याला समुद्रावरच कळले पाहिजे. मला २००९ मध्ये ते कळले नव्हते. माझ्याजवळ धाडसही कमी पडले, हे मी इथे लिहून ठेवतो.

माझ्याजवळ नोकरीच्या काळातल्या सहा डायऱ्या आहेत. इंजिन रूमच्या लॉगबुकात जे लिहिले जात नसे ते मी त्यांत टिपत असे, आणि भट्टीचे तापमान व त्या दिवशी आत गेलेला कचरा यांच्या नोंदी २००६ पासून बऱ्याचशा सलग आहेत. त्यांतली जहाजांची नावे मला सांगायची नाहीत, पण आकडे आपल्या सर्व्हेअरना उपयोगी पडतील. नव्या नियमांचा मसुदा करणाऱ्या समितीला पाहायच्या असतील तर कळवावे. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघून, ठाण्याला उतरून, मी डायऱ्यांसह कांजूरमार्गच्या आपल्या कार्यालयात दुपारच्या आत हजर राहीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सेकंड इंजिनिअर,
नाशिक.